बोर्गाचे गुण

शिगेकीदादा,

तुझा बुटका योद्धा बोर्गा अजून जिवंत आहे. तू प्रवेश परीक्षेत नापास झालास, बाबा नको नको ते बोलले आणि तू नागोयाला निघून गेलास. आपल्या रविवारच्या साहसकथेच्या खेळात बोर्गाचे फासे टाकायला कुणी उरलं नाही. मग एके दिवशी बाबाच कोतात्सूच्या, त्या शेगडीच्या मेजाच्या, उबदार पांघरुणात पाय घालून बसले. "आण इकडे. किती दिवस गुहेबाहेर ताटकळत ठेवणार त्याला?"

दादा, असला फुटक्या नशिबाचा खेळाडू मी पाहिला नाही! सारखे दोन्ही फाशांवर एक-एक. बोर्गा दरीत पडतो, स्वतःचीच दाढी पेटवतो.

काल त्यांनी बोर्गाचा कागद पाहिला. "याचे गुण सगळ्यांपेक्षा जास्त कसे गं? मी तर सारखा फसतोय."

"नियमच आहे, बाबा. एक-एक पडून सपशेल फसलं की अनुभवाचे गुण मिळतात."

त्यांनी नियमांचं पुस्तक ओढून दोनदा वाचलं. सोललेलं संत्रं हातातच राहिलं.

"हे मी आधी वाचायला हवं होतं," ते म्हणाले. "शिगेकीला कळवू नकोस. मीच सांगतो."

म्हणून हे पत्र टाकत नाही. आज सकाळच्या गाडीने ते नागोयाला निघालेत. पिशवीत संत्री आहेत, आणि बोर्गाचा कागद.

बोर्गाला तीनदा मरता मरता वाचवणारी,
चिझुरू