डावीकडचा एक तृतीयांश

२ फेब्रुवारी
आजपासून फोटोग्राफी. मनावर घेतलंय. ही गेल्यापासून कपाटात पडून असलेला कॅमेरा काढला. मुलीचा फोन : बाबा, एकटे राहू नका, माझ्याकडे या. म्हटलं, वेळ कुठाय, ऑनलाइन कोर्स लावलाय.
कार्डावर शेवटचा फोटो माझाच, हिने काढलेला. तळण सोडून तशाच हातांनी आली होती. माझं अर्धं डोकं गायब. धन्य!

५ फेब्रुवारी
धडा पहिला, रूल ऑफ थर्ड्स. फ्रेमचे तीन उभे भाग पाडायचे आणि माणूस मध्ये नाही, एका बाजूला ठेवायचा. हिला हे जन्मात पटलं नाही. कुठेही न्या, बरोबर मधोमध, हात सरळ, ओळखपत्राचा फोटो असल्यासारखी. जरा डावीकडे सरक म्हटलं की म्हणायची, मी काय कपाट आहे का?

६ फेब्रुवारी
खिडकीजवळच्या खुर्चीचे फोटो. डाव्या भागात पांढुरकं काहीतरी. उजेडाची गडबड.

८ फेब्रुवारी
उजेडाची गडबड नाही. स्वयंपाकघर, जिना, बँकेबाहेरचा फुटपाथ, सगळीकडे तेच. धुरकट, माणसाएवढं, डावीकडे. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, हे इथे लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी, सकाळी
हीच आहे. खांद्याचा उतार तोच. आणि उभी कुठे, तर नेमकी एक तृतीयांशावर! शिकली एकदाची.

१३ फेब्रुवारी
प्रत्येक फ्रेममध्ये डावी बाजू मोकळी सोडतोय. याला निगेटिव्ह स्पेस म्हणतात. आठवणीबिठवणीचा काही संबंध नाही. चेहरा स्पष्ट आलेला एकच फोटो हवाय, मग बास. घरातही हल्ली उजवीकडूनच चालतो. उगाच धक्का नको.

१६ फेब्रुवारी
चेहरा नाही. रुसली असणार. मोठ्याने म्हणालो, बरं बाई, हवं तर मध्ये उभी राहा. जागची हलली नाही. हट्टी ती हट्टीच.

२० फेब्रुवारी
मुलीचा पुन्हा तोच धोशा. हिला एकटीला टाकून कसा येऊ, असं तोंडून निघून गेलं. ती लगेच म्हणाली, उद्या येते.

२१ फेब्रुवारी
आली. सगळे फोटो दाखवले. तिने कॅमेरा उलटा करून काच उजेडात धरली. म्हणाली, बाबा, लेन्सवर केवढं तेलकट बोट उमटलंय! काचेवर वाफ सोडून ओढणीने पुसलंसुद्धा. मी नको नको म्हणेपर्यंत लख्ख.
मग तिनेच विचारलं, कुणाचं बोट हो हे? आणि मी काही सांगायच्या आत खुर्चीत बसून रडायला लागली.

२२ फेब्रुवारी
खुर्चीचा फोटो. एकदम शार्प. डावी बाजू रिकामी. बघवत नाही.

दुपारी
मुलगी माझी बॅग भरतेय. तेवढ्यात स्वयंपाकघरात जाऊन तेलात बोट बुडवलं, काचेवर टेकवलं आणि फोटो काढला. डाग आला, पण बरोबर मधोमध. कॉम्पोझिशनचे पार बारा वाजले.
डिलीट करणार होतो. मग म्हटलं, असू दे. हिला तिथेच आवडायचं.