खालचा भाग जिन्यात आहे

बर्लिन, नॉयकोल्न
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय फोल्कर,

कसा आहेस? इंगा बरी आहे ना? तुमच्याकडे समुद्रावरचा वारा सुटला असेल. इथं नुसती भुरभुर चालू आहे, धड पाऊस नाही की उघडीप नाही. हे पत्र टपालानं न येता एका अनोळखी बाईंच्या हातून आलं म्हणून दचकू नकोस. माझा कामावरचा जोडीदार यानकोव्स्की, त्याची ती मेहुणी. आज दुपारच्या गाडीनं ती रोस्टॉकला परत चालली आहे. फोनही करून पाहिला. तू उचलला नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

आधी माझं सांगते. मी अजून महापालिकेतच आहे, पण आता टेबलाच्या कामावर नाही. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यांना पकडायचं पथक काढलंय, त्यात मला घेतलं. साध्या कपड्यांत हिंडायचं, कोण कोपऱ्यावर गादी टाकतंय, कोण झाडाखाली रंगाचे डबे ठेवतंय, यावर डोळा ठेवायचा. परवा एक गृहस्थ चक्क फ्रिज ढकलत चालला होता. अडवलं तर म्हणतो, "फिरायला घेऊन चाललोय." यानकोव्स्की म्हणाला, "मग याचा पट्टा कुठाय?" असं चालतं आमचं.

सगळ्यात मोठी डोकेदुखी मात्र फ्रिजवाल्यांची नाही, सज्जनांची आहे. जुनी वस्तू दाराबाहेर ठेवायची, वर चिठ्ठी चिकटवायची, 'फुकट आहे, घेऊन जा'. तू इथंच वाढलास, तुला काय सांगायचं. तुझी पहिली सायकल तशीच तर आली होती. आता त्याला दंड आहे. चिठ्ठी लावली की कचऱ्याची भेटवस्तू होते असं अर्ध्या शहराला वाटतं. पाऊस पडला की भेटवस्तूचा पुन्हा कचरा होतो आणि तो उचलायला आम्ही. भिंतीभिंतीवर पोस्टर लावली, जुनं सामान फुकट घ्यायला चौकात गाडी उभी करायला लागलो, तरी लोकांचे हात शिवशिवतातच.

बाबांचेही.

उन्हाळ्यात सुरू झालं ते. लोक फोनवर फोटो काढून तक्रार पाठवतात, त्या माझ्याकडे येतात. एक दिवस फोटोत बैठकीतला उभा दिवा दिसला, हिरव्या टोपीचा, आपल्याच दारासमोर. मी तशीच वर गेले.

"बाबा, हे बेकायदेशीर आहे. याला कचरा टाकणं म्हणतात."

"कचरा? चांगला लागतो तो. लावून बघ."

"रस्त्यावर कुठं लावू?"

"तेच म्हणतोय मी. ज्याच्या घरी प्लग असेल तो नेईल."

मग आपली बर्फावरची घसरगाडी आली, लाल दोरीची. मग आईचा शिवणाचा डबा. मग तुझ्या खोलीतली खुर्ची. प्रत्येक वेळी तक्रार, प्रत्येक वेळी फोटो. आणि मी काय केलं सांगू? दिवसा लोकांना दंड लावायचा आणि काम सुटलं की बाबांचं सामान गाडीत घालून माझ्या तळघरात नेऊन ठेवायचं. तक्रारीपुढे लिहायचं, 'जागा साफ केली'. खोटं नाही ना ते? माझं तळघर इतकं भरलंय की आता मलाच कोणीतरी पकडायला हवं. बाबांना वाटतं, त्यांच्या वस्तूंना पटापट घरं मिळताहेत. मला म्हणाले, "बघ, तुमच्या पोस्टरपेक्षा लोक शहाणे आहेत."

शेवटी मी त्यांच्यावर ओरडले. हे कशासाठी चाललंय, घर रिकामं करून कुठं जायचंय तुम्हाला, असं बरंच काही. त्यांनी कॉफी ओतली, शांतपणे. म्हणाले, "आई गेली तेव्हा तुम्ही दोघं एका कपाटावरून भांडलात. एका कपाटावरून, रिके. या घरात अजून किती वस्तू आहेत माहितीय? मी गेल्यावर तुम्हाला जन्मभर पुरतील. म्हणून आधीच आवरतोय."

याला काही उत्तर तुझ्याकडे आहे का?

मी हे बाबांच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. मधेमधे उठून खिडकीतून खाली बघून येते, म्हणून अक्षर असं वाकडंतिकडं आहे. समोर भिंतीवर कपाटाच्या आकाराचा फिकट डाग उमटलाय, त्याच्याकडे बघवत नाही. हो, आईचं कपाट. ते आता इथं नाही. वरचा भाग, काचेच्या दारांचा, खाली फुटपाथवर आहे. खालचा भाग, खणांचा, जिन्यात आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकून बसलाय. तिथल्या तुलायबाई भाजीच्या पिशव्या घेऊन येताजाता त्यावरून चढून जातात. काल म्हणाल्या, "राहू दे गं, माझे गुडघे सुधारले." वर मला सूप आणून दिलं.

बाबांनी ते खाली काढलं कसं, असं तू विचारशील. ते हट्टी आहेत, एवढंच म्हणते.

काल सकाळी यानकोव्स्कीनं नेहमीच्या फेरीत फुटपाथवरच्या भागावर नारिंगी कागद चिकटवला. शुक्रवारी सकाळपर्यंत हलवा, नाहीतर गाडी येऊन नेईल. कपाट कोणाचं ते त्याला ठाऊक नव्हतं. कळल्यावर बिचारा कागद खरवडायला लागला. मी म्हटलं, असू दे, नियम तो नियम. त्यावर मी माझा रेनकोट घातलाय. संध्याकाळी एक तरुण जोडपं येऊन दारं उघडून बघायला लागलं, तर मी वरून ओरडले, "दिलंय ते! दिलंय!" कोणाला दिलंय, कोण जाणे.

नाही. असं अर्धवट सांगून नाही चालणार.

बाबांनी एकट्यानं नाही काढलं. दुसरी बाजू मी धरली होती. रविवारी त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, तू धरणार नसशील तर मी एकटा नेतो. चौकातल्या गाडीचा दिवस येऊ दे म्हटलं, मी माणसं आणते म्हटलं, ऐकतील तर शपथ. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, जाऊ दे ते एकदाचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाऊ दे. म्हणून मी धरलं. लोकांना ज्यासाठी दंड लावते तेच मी माझ्या हातांनी करत होते.

वरचा भाग सहज उतरला. बाबा गमती करत होते, जिन्यात भेटेल त्याला "बाजूला व्हा, मालकीणबाई निघाल्या" म्हणत होते. मग खालचा भाग. ते पुढं झाले, उलट्या पावलांनी उतरायला. मी म्हटलं, खालची बाजू मी घेते, सगळा भार तिकडेच येतो. तर म्हणाले, "खालची बाजू फोल्करची. तो नाही म्हणून मी." वळणावर त्यांनी ते टेकवलं आणि पायरीवर बसले. "जरा थांबू," म्हणाले. मला वाटलं, दमले. मी वरून चिडवलंही, "बघा, म्हणत नव्हते?" उत्तर आलं नाही. वाकून पाहिलं तर चेहरा पांढराफटक, हात छातीवर. आणि आमच्यामध्ये ते कपाट. बाजूनं जायला जागाच नव्हती. मी त्यावर चढून पलीकडे उतरले, फोल्कर. तेवढ्या वेळात त्यांना काही झालं असतं तर?

रुग्णवाहिका लवकर आली. आता ते इस्पितळात आहेत, शुद्धीवर आहेत. हृदय फार थकलंय, असं डॉक्टर म्हणतात, आणि पुढचं बोलताना खाली बघतात. मला भीती वाटते. हे आधीच लिहायला हवं होतं, पण फ्रिजचं आणि पोस्टरचं लिहीत बसले.

काल भेटायला गेले तर पहिला प्रश्न, "नेलं का कोणी कपाट?"

मी म्हटलं, "नेलं."

"कोणी?"

काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "एक भाऊबहीण होते."

"दोन्ही भाग?"

"दोन्ही. भावाकडे मोठी गाडी होती."

"भांडले नाहीत?"

"नाही. खालची बाजू भावानं धरली, वरची बहिणीनं."

त्यांनी उशीवर डोकं टेकलं. मग म्हणाले, "असली मुलं हवीत." आणि हसले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी बाहेर येऊन जिन्यात रडले.

यानकोव्स्की म्हणतो, मी हात लावतो, पाच मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. का ते तुला कळलं असेल.

तुझी बोटींचं सामान नेणारी गाडी अजून आहे ना? ती घेऊन शुक्रवारच्या आत ये. कपाट तुझ्याकडे न्यायचं की माझ्याकडे, ते गाडीत बसून ठरवू. तू पुरं ने, मी काही बोलणार नाही. त्यानंतर आपण दोघं त्यांच्याकडे जाऊ. मी बाबांना जे सांगितलं ते अजून घडलेलं नाही, आणि मी एकटी ते घडवू शकत नाही.

इंगाला नमस्कार.

वरची बाजू धरून थांबलेली,
तुझी बहीण
रिके