तत्त्वज्ञानाला पोरं मिळेनात

बारामती

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनच करणार होते, पण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू 'न्हाय' म्हणतेस, वर आबांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावतेस. पत्राला मध्येच अडवता येत नाही, म्हणून लिहायला बसले. बसले तरी कुठे! दोन ओळी झाल्या की उठून येरझाऱ्या घालतेय.

महिनाभर कॉलेजात कमी आणि गावोगाव जास्त हिंडले. आमच्याकडे प्रवेशाच्या दिवसांत आपापल्या विषयाला मुलं मास्तरांनीच गोळा करायची असतात. कॉमर्सवाल्यांकडे रांग लागते, मी मात्र स्कूटीवरून दारोदार. मध्ययुगातल्या नैयायिकांवर, त्या तर्कशास्त्री पंडितांवर, वर्षानुवर्षं घासून पीएच.डी. केली, काशीच्या पंडितांसमोर निबंध वाचला, आणि आता वरकुट्यात लोकांच्या अंगणात चहा पीत सांगतेय, पोरीला तत्त्वज्ञान द्या. तिथल्या भामाबाई नातीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही आदीच लई प्रश्न इचारती. त्यात तुमी आनि शिकिवल्यावर हिला नांदवील कोण?" मला हसूही आलं आणि रडूही. पोरीला त्यांनी कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं.

नव्या प्राचार्यांनी बजावलं होतं, पहिल्या वर्षाला दहा मुलं भरली नाहीत तर विषय बंद. विषय गेला की माझी नोकरीही गेली, आणि या विषयाची दुसरी जागा आसपास कुठे निघत नाही. गाडी नवावर अडकली होती. अन्न गोड लागेना, वाचायला घेतलं तर तासभर तेच पान. नोकरीची भीती होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त संताप येत होता. शेकडो वर्षं माणसं ज्यावर जिवाच्या आकांताने भांडली, ते माझ्या हातून बंद पडणार!

तुला आठवतं, प्रबंध लिहिताना मी घरी निरवांगीला आले होते? तू डाळिंबं निवडत होतीस. मी नैयायिकांचं ते नेहमीचं उदाहरण सांगितलं, तिन्हीसांजेला लांब काहीतरी उभं दिसतंय, खांब आहे की माणूस? तू मान वर न करता म्हणालीस, "हाक मारायची. माणूस असंल तर ओ दील." मी म्हटलं, आणि बहिरा असला तर? मग तू जी पेटलीस! डाळिंबं राहिली, आबा जेवायला ताटकळले, तू काही मला सोडीनास. माझ्या तोंडी परीक्षेतसुद्धा इतकं कुणी पिळलं नव्हतं. बारावी झाल्याबरोबर तुझं लग्न ठरलं तेव्हा पुढं शिकायचं म्हणून तू जेवण सोडलं होतंस, हे मला शकुमावशीनं सांगितलं. तू कधी बोलली नाहीस.

काल दहावा मुलगा मिळाला, इंदापूरचा यशराज. विषय वाचला, सगळ्यांनी पेढे मागितले, आणि माझं तोंड उतरलं. कारण त्या दहाव्या जागेवर मनातल्या मनात मी तुला बसवून टाकलं होतं. विषय वाचवायला ये, नाइलाज आहे, असं म्हणून तुला विचारायची सोय आता उरली नाही. म्हणून साधंच विचारते. आई, शिकायला येतेस? वयाची अट नाही, चौकशी केली आहे. प्रवेश पुढच्या सोमवारपर्यंत आहेत, पहिल्या एसटीनं ये, बारावीची मार्कशीट घेऊन ये. आबा स्वतःचं ताट वाढून घेतील. माझा वर्ग तुझ्यावाचून भरला आहे आणि मला तो रिकामा वाटतोय.

तुझीच, उत्तरासाठी उतावीळ,
अनिता