चारशे फेऱ्या

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू शिवलेला शर्ट पोचला. खांद्यात अगदी बरोबर बसला. कॉलर मात्र मुद्दाम घट्ट ठेवलीस, मी जाड झालोय हे सुचवायला, कळलं.

आता खरी बातमी. आपल्या गावच्या पुलाची गणती आली. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकून आठवडाभर गाड्या मोजल्या, ती. रोजच्या नऊ हजार दोनशे! आमच्या कचेरीत कुणालाच एवढी आशा नव्हती. आकडा नऊ हजारांच्या वर गेला, म्हणजे नव्या पुलासाठी रोखे विकून काढलेलं कर्ज पंचवीस वर्षांच्या टोलमधून फिटतं. खाली आला असता तर योजना गुंडाळायची, असं साहेब म्हणत होते. गणतीच्या कागदावर सही माझी आहे, आणि पुढच्या आठवड्यात रोख्यांचं माहितीपत्रक छापायला जाईल. बाबांनी ज्या पुलावरून चाळीस वर्षं टॅक्सी चालवली, त्याच्या जागी येणाऱ्या पुलाच्या कागदावर त्यांच्या पोराची सही! त्यांना सांग. बोलणार काहीच नाहीत, पण चेहरा कसा होतो ते कळव.

माझं वजन वाढलं तरी तुझा लोभ घटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाबांचा चेहरा विचारतोस? चोरून दूध प्यायलेल्या मांजरासारखा झाला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

काल एका गिऱ्हाइकाचं जाकीट बेतायला बाहीचा कागदी नमुना काढला. मागच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा, पाचापाचाच्या जुड्या, सात दिवसांच्या. अक्षर बाबांचं. खडसावून विचारलं तेव्हा कबूल झाले. बाबा आणि स्टँडवरचे पाच जुने मित्र, सहा खटारा टॅक्सी घेऊन, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुलावरून नुसते इकडून तिकडे. रोज चारशेच्या वर फेऱ्या! पेट्रोल वर्गणीतून. मला सांगायचे, पाय मोकळे करायला जातोय. आकडा कमी पडला तर पूल बारगळेल हे त्यांनी गणतीच्या आधी आलेल्या तुझ्याच पत्रात वाचलं होतं. वर मलाच विचारतात, गाड्या खऱ्या, चाकं खरी, मग खोटं काय झालं?

आधी मला हसू फुटलं आणि मग रडू आलं. पूल खिळखिळा झाल्यापासून जड गाड्यांना बंदी आहे, बस अलीकडेच थांबते. माणसं उतरून चालत पलीकडे जातात. ॲम्ब्युलन्स तासाभराचा वळसा घालून येते. हा पूल मला हवाच आहे रे. पण लोक तुझ्या सहीवर विसंबून आयुष्याची शिल्लक त्या रोख्यांत घालतील. तू काय करशील ते मला ठाऊक आहे, म्हणूनच जीव धास्तावलाय. फोनवर सांगता आलं नाही, कारण बाबा फोनशेजारीच खुर्ची टाकून बसलेत.

माया आहे तशीच आहे. कॉलर सैल करून देईन.

तुझी ताई

ता. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. छपाई थांबवली, नळी पुन्हा टाकायला लावली. आठ हजार सातशे ऐंशी भरले.

मला वाटलं, संपलं. पण साहेब म्हणाले, दोनदा मोजलेला आकडा कुणाला खोडता येणार नाही, आणि मुदत तीस वर्षांची करून योजना पुढे पाठवली. पूल होतोय, ताई! लोकांना टोल मात्र पाच वर्षं जास्त भरावा लागेल. गणतीवर आता दुसऱ्याची सही आहे आणि माझी बदली दप्तरखान्यात झाली आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बाबांवर रागावता येत नाही गं. सहीचं त्यांना सांगू नकोस.

पत्र पाठवत जा, दप्तरखान्यात फार शांतता आहे.

तुझा धाकटा

ता. ३० एप्रिल

चि. पोरास,
अनेक आशीर्वाद.

ताईने काही सांगितलं नाही. पत्र मीच वाचलं. या घरात येणारं प्रत्येक पत्र मी वाचतो, हे तुम्हा दोघांना एव्हाना कळायला हवं होतं.

चाळीस वर्षांत मी टॅक्सीच्या मीटरला एकदाही हात लावला नाही. शेजारचे लावायचे, मी नाही. आणि म्हातारपणी पोराच्या मीटरला लावला. चुकलो रे.

काल रोख्यांची विक्री सुरू झाली. आम्ही सहाही जण पूल चालत ओलांडून बँकेत रोखे घ्यायला गेलो, टॅक्सी घरीच ठेवल्या. खिडकीतल्या मुलीने माझं वय पाहिलं आणि फार अदबीने सांगितलं की आजोबा, पैसे तीस वर्षांनी परत मिळतील. मी म्हटलं, एकशे सहाव्या वर्षी स्वतः येईन, खिडकी उघडी ठेव. ती हसली, पण वारस लिहायलाच लागतो म्हणाली.

तिथे मी तुझं नाव घातलं. म्हणजे त्या पुलाच्या कागदावर तुझं नाव पुन्हा आलं, आणि या खेपेला एकही फेरी जास्तीची नाही.

सुट्टी मिळाली की ये. ताईने कॉलर सैल केली आहे.

तुझे बाबा