दोन कोअरच्या घरात चार कोअरचा माणूस

सोमवार, सहा तारीख
ही वही आणून ठेवली त्याला बरेच दिवस झाले. लिहायचं राहून गेलं. आळस नाही, विचार साचू देत होतो. आज लिहितोय कारण लॅपटॉप सुरू होतोय. म्हणजे बटण दाबलंय. तो उठेपर्यंत एक पान सहज भरेल.

ड्युअल कोअर! आजपासून हे दोन शब्द मी शिवी म्हणून वापरणार. माझ्या डोक्यात एका वेळी पन्नास गोष्टी आणि या डबड्याला मेंदू दोन. क्वाड कोअर पाहिजे. चार. चारही एकदम कामाला जुंपतात, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता.

काम मोठं आहे. तलावावरच्या कोचबाईंनी पोहण्याच्या स्पर्धेचं शूटिंग दिलंय. त्याची छोटी फिल्म करायची, रविवारी दाखवायची. आवडली तर वर्षभराचं काम माझं. नाही आवडली तर पुढच्या महिन्यापासून काकांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये खोक्यांना लेबलं चिकटवायची. हे दाजींनी ठरवलंय. मी ताईच्या घरी राहतो. ते घर दाजींचंही आहे, हे दाजी विसरू देत नाहीत.

शूटिंग लॅपटॉपवर उतरवून बाईंच्या कॅमेऱ्याचं कार्ड लगेच रिकामं करून परत दिलं. प्रोफेशनल माणूस असाच वागतो.

मंगळवार, सात
निश्चय: पहाटे पाचला उठून एडिटिंग.
साडेनऊला उठलो. शेजाऱ्यांनी रात्री फर्निचर सरकवलं, दोष त्यांचा.

फिल्म उघडली. तिसऱ्या लेनमधल्या मुलीने उडी मारली आणि ती हवेतच राहिली. मी चहा पिऊन आलो, ती हवेतच. ड्युअल कोअर, दुसरं काय!

मधल्या वेळेत प्रोसेसरच्या तुलनेचे व्हिडिओ पाहिले. सगळे उघडेच ठेवलेत. हाताशी असलेले बरे.

दाजी दारातून डोकावले. म्हणाले, राजे, ते गादीवरून उचला, गुदमरतंय बिचारं. यंत्राची दया येते माणसाला, मेहुण्याची नाही. वर विचारतात, दोनच कोअर आहेत हे तुला कुणी सांगितलं? सांगायला कशाला पाहिजे? हळू चालतो ना! गोगलगाय दिसली की कुणी पाय मोजत बसतं का?

बुधवार, आठ
दुरुस्तीवाल्याकडे गेलो. एका डोळ्याला भिंग लावून बसलेला, वर बघायला तयार नाही. म्हणाला, लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डावर पक्का असतो, बदलता येत नाही. ठेवून जा, धूळ साफ करून बघतो. म्हणजे मागितलं काय आणि हा विकतोय काय! त्याला चार कोअरचं महत्त्व समजावून सांगितलं. त्याने भिंग न काढता पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. उद्धट.

घरी निघालो. पण वाटेत उताराचा रस्ता लागला आणि माझी सायकल गिअरची. उतार संपला तिथे एक जॅकेटवाला, गाडीची डिकी उघडून लॅपटॉप विकत होता. एकावर चकचकीत स्टिकर: क्वाड कोअर. याला म्हणतात योग.

माझा लॅपटॉप आणि वर सायकल, असा सौदा. तोही सरळ माणूस. आधी विचारलं, भाऊ, आतलं काही काढून घ्यायचंय का? मी म्हटलं, जुन्या गोष्टींत मी अडकत नाही.

चालत आलो. उतार येताना चढ झाला होता.

गुरुवार, नऊ
नव्या लॅपटॉपवर शूटिंग सापडत नाही. सकाळभर शोधलं.

दुपारी लक्षात आलं.

उताराखाली चालत गेलो. डिकी नाही, गाडी नाही, जॅकेट नाही. त्याने दिलेला नंबर बंद. लोकांवर विश्वास ठेवायचे दिवस गेले.

रात्री स्टिकरवरून सहज अंगठा फिरवला तर ते हातात आलं. खाली दुसरं स्टिकर. त्यावर ड्युअल. कंपन्या हल्ली काहीही करतात. क्वाड परत डिंकाने चिकटवलं. आता जरा फास्ट वाटतोय.

शुक्रवार, दहा
ताईने विचारलं, फिल्म कुठवर आली रे? म्हटलं, शेवट जवळ आहे. यात खोटं काही नाही. सायकल कुठेय? म्हटलं, सर्व्हिसिंगला. दाजी पेपरमागे हसले. त्यांचा पेपर हसताना हलतो. चपला भिंतीला समांतर ठेवणारा माणूस! एक कोअर ऑफिसला, एक मला टोमणे मारायला, तिसरा असता तर झोपेत घोरायला लावला असता.

बाईंना काय सांगायचं ते ठरलं. फिल्ममध्ये पाणी दाखवायचंच नाही. नुसतं सुचवायचं. कळणाऱ्याला कळेल.

शनिवार, अकरा, संध्याकाळ
अघटित. दाजींनी पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, आठवडाभर कोअर कोअर करून घराचं डोकं खाल्लंस, घे एकदाचे तुझे चार. दुरुस्तीवाल्याकडून आणला म्हणे, परवाच त्याच्याकडे विकायला आलेला. समोर उघडायला लावून तपासला: चार म्हणजे चार. धूळबीळ साफ. उद्या तुझी फिल्म अडायला नको, म्हणाले, आणि चपला समांतर ठेवायला निघून गेले.

कालचं घोरण्याचं वाक्य खोडावं का, बघू.

बटण दाबलं. दाबेपर्यंत सुरू! हा फरक! हेच तर सांगून सांगून माझा घसा बसला. दोन कोअरवाल्यांना हे सात जन्मांत कळायचं नाही.

थोड्या वेळाने
याचं ई अक्षराचं बटण वितळलेलं आहे. माझ्याचंही होतं, मेणबत्तीने. झाकणावर डिंकाचा डाग, होकायंत्राच्या आकाराचा. तसं स्टिकर मी एका दीपगृहावरून आणून माझ्यावर चिकटवलं होतं, म्हणजे लॅपटॉपवर.

झाकण लावलं. परत उघडलं. तोच.

म्हणजे पहिल्यापासून चार होते. असो! म्हणजे शूटिंगही आतच आहे! रात्रभर बसतो. चार कोअर, मी पाचवा.

सापडत नाही.

बाहेर जाऊन दाजींना सहज विचारलं, आधीच्या मालकाचं आत काही होतं का हो? दाजी खूश झाले. म्हणाले, छे, सगळं पुसून घेतलं. दुकानवाला विचारत होता, ठेवू का काही? मी म्हटलं, कशाला? आमच्या राजांना मोकळी जागा लागते.

आत्ता बेल वाजली. ताई सांगत आली, अरे, कुणी बाई आल्यात, गळ्यात शिट्टी, केस ओले. उद्यापर्यंत पोरांना दम निघत नाही म्हणाल्या, म्हणून सगळ्यांना घेऊनच आल्यात. जिन्यात रांग लागलीय.

पडद्याआडून बघितलं. सगळ्यांत पुढे तिसऱ्या लेनमधली मुलगी आहे.