समुद्र, मागच्या खोलीतला

३ मार्च
आजपासून फक्त समुद्र. फुलदाण्या बंद. शैली अमूर्त, रंग अ‍ॅक्रिलिक, स्टुडिओ मागची खोली. बायको तिला अजून अडगळीची खोली म्हणते. इतिहास तिला माफ करेल, माझं सांगता येत नाही.

५ मार्च
बायकोची अट. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना आमच्याकडे आणायचंय, म्हणून खोली हवी. वाचनालयाच्या हॉलमधल्या माझ्या प्रदर्शनातून कुणी एक तरी चित्र, फुकट का होईना, घरी नेलं तर खोली माझी. नाहीतर सासऱ्यांची. हसत हसत हो म्हणालो. एकच? लोकांना रांग लावावी लागेल.

११ मार्च, सकाळ
प्रेरणेसाठी खुद्द किनाऱ्यावर गेलो. समुद्राने निराशा केली. रंग पाणचट चहाचा. माझा निळा जास्त खरा आहे. वाऱ्याने पॅलेटवरचे रंग ब्रश टेकायच्या आत वाळले, कॅनव्हासवर वाळू चिकटली. यालाच टेक्श्चर म्हणतात.

११ मार्च, संध्याकाळ
बायकोने विचारलं, ही बाथरूमची फरशी का? बघता येईना, चित्र वाकडं.

२३ मार्च
अख्खी मालिका तयार! अ‍ॅक्रिलिक लगेच वाळतं, त्यामुळे काळजी नाही. चित्रं समोरासमोर तोंडं करून घट्ट बांधली, डिकीत ठेवली. मध्ये वर्तमानपत्रं घालणार होतो, पण शब्दकोडं सोडवायचं राहिलं होतं. गाडी दिवसभर उन्हात.

२४ मार्च
चित्रं एकमेकांना चिकटली. ओढून काढली तर ‘भरती’चा अर्धा रंग ‘ओहोटी’वर. आता कुठली कोणती, मलाही कळत नाही. निसर्गात तरी कुठे कळतं? ‘क्षितिज’ तेवढं वाचलं. हॉलमध्ये ते एकटंच टांगलं. एका चित्राचं प्रदर्शन भरवायला धाडस लागतं.

२५ मार्च
गेलं! मी चहाला गेलो आणि तेवढ्यात ‘क्षितिज’ कुणीतरी मागून नेलं. वॉचमन म्हणाला, वयस्कर गृहस्थ होते, काठी टेकत आले, बराच वेळ बघत राहिले. खरा रसिक! बायकोला ठणकावून सांगितलं. खोली माझी.

२८ मार्च
रसिकाचा पत्ता लागला. सासरे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा घराबाहेर पडले ते टॅक्सी करून थेट हॉलवर. बायकोला म्हणाले होते, जावईबापूंचं मन मोडू नकोस, मी माझ्या घरीच राहीन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी स्वतःच खोली रिकामी केली आणि त्यांना घेऊन आलो. ‘क्षितिज’ही आलं, त्यांच्या पलंगासमोर लावलं. त्याग मोठा आहे, पण माझं चित्र आवडलेला माणूस आता घरातच राहणार.

३० मार्च
सकाळी सासऱ्यांनी हाक मारली. फार संकोचले होते. म्हणाले, खोली झकास आहे, वाराही येतो. फक्त ते चित्र भिंतीकडे तोंड करून लावलं तर चालेल का? रात्रभर डोळा लागत नाही.
फिरवून लावलं. मागची बाजू कोरी.
बायको चहा घेऊन आली, दारातच थबकली. म्हणाली, अगं बाई, हे मात्र छान जमलंय.