आधी तुझं माणूस चालव

३ मार्च, मंगळवार

संपलं! गावातल्या त्या म्हाताऱ्या आजीचं शेत संपलं! दुपारी शेवटची पट्टी तपासून झाली आणि मी हेल्मेट काढून सरळ ढेकळांतच आडवी झाले. साहेब धावत आले — "अगं, झालं काय?" काही नाही झालं, तेच तर! लढाईत पुरून ठेवलेले सगळे सुरुंग बाहेर, आणि आमच्या सगळ्यांचे हातपाय जागच्या जागी.

गाडीवाला अँब्युलन्सच्या पायरीवर बसून टाळ्या वाजवत होता. त्याला काम काय? कुणाला लागलं तर उचलून पळायचं. कुणाला लागतच नाही. म्हटलं, "फुकटचा पगार खातोस." तर म्हणतो, "जन्मभर फुकटच खाऊ दे मला!"

५ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. तिला सांगितलं, गाडीवाला रोज माझ्यासाठी चहा झाकून ठेवतो, यात नक्की काहीतरी पाणी मुरतंय. ताई हसून हसून बेजार. "तू माणसांवरसुद्धा ते सुरुंग शोधायचं यंत्र फिरवतेस! अगं, काही ठिकाणी नुसती मातीच असते."

असेल. पण वरून साधी दिसणारी जागाच घात करते, हे तिला कोण सांगणार? मैत्रिणींची लग्नं पाहिलीत मी. वर्षभर सगळं गोडगोड, मग एक दिवस भलत्याच जागी पाय पडतो, आणि धडाम!

तरी चहा प्यायले. मेला साखर बरोब्बर घालतो.

९ मार्च, सोमवार

आज ताबा द्यायचा दिवस. आमची रीत अशी — शेत परत करताना आम्ही सगळे हातात हात घालून मालकाच्या डोळ्यांदेखत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. मग मालक उतरतो. आम्ही चाललो. गाणी म्हणत चाललो! आजी बांधावर कमरेवर हात ठेवून उभी. तिचं घर शेताच्या मधोमध, लढाईपासून बंद. राहते भाच्याकडे, आणि रोज इथे येऊन लांबूनच घराकडे बघते.

"चला आजी, घरी चला," साहेब म्हणाले.

"नाही येत, जा!"

"अहो, आम्ही चाललो ना!"

"तुम्ही मेले रोज जिवावर उदार. तुमच्या चालण्याचा काय भरवसा?" मग माझ्याकडे बोट. "तू म्हणतेस ना साफ आहे? मग तुझं लाडकं माणूस आण. ते चालव. मग मी उतरते."

आता लाडकं माणूस कुठून पैदा करू? ताई तिकडे दुसऱ्या देशात. म्हटलं, "आजी, मला इथे कुणी नाही." म्हणाली, "मग मीही नाही!"

१० मार्च, मंगळवार

आजी हटत नाही. आजही बांधावर बसून स्वतःच्याच दाराकडे बघत होती. मला तिचा राग आला, आणि रडूही आलं.

१२ मार्च, गुरुवार

जेवण तसंच टाकून लिहायला बसलेय!

सकाळी पुन्हा आजीची मनधरणी चालू. तेवढ्यात गाडीवाला पायरीवरून उठला, चपला काढल्या आणि शेतात उतरला. सरळ मधे! माझ्या तोंडून किंकाळीच निघाली — "अरे, थांब!"

का थांब? वीत न् वीत मीच तपासलेली. त्या मातीत खिळासुद्धा उरलेला नाही, मी छातीठोकपणे सांगते. आणि तरी त्याच्या प्रत्येक पावलाला माझा श्वास अडकतोय! तो घरापर्यंत गेला, दाराला हात लावला, मागे वळून हसला. गाढव!

आजी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझं तोंड बघत होती.

"कुणी नाही म्हणे! खोटारडी."

आणि काठी टेकत उतरली शेतात. अशी भराभर, की साहेब मागे पडले! दाराशी पोचून गाडीवाल्यालाच दटावलं, "सरक बाजूला, माझं घर आहे." मग उंबऱ्यावर बसून पोटभर रडली. आम्हीही रडलो, हसलो, काय काय केलं देव जाणे.

१३ मार्च, शुक्रवार

विचारलं त्याला, का गेलास? म्हणाला, "शेताची खात्री होती. तुझी नव्हती."

मग मीच लग्नाचं विचारून टाकलं. हो म्हणाला. लगेच! माणसाने जरा तरी आढेवेढे घ्यावेत की नाही?

१६ मार्च, सोमवार

नवीन शेत. सकाळी हेल्मेटची काच खाली ओढली, गुडघे टेकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मरायची भीती वाटली. मला! इतका आनंद झाला की काय सांगू!